दुपारची पथारी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले सातारा, कराड, सांगली येथील महाविद्यालयांत आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जातात. सुट्टीत भेटावयास आली, की शिष्यवृत्ती आणि मेसच्या गोष्टींबरोबर एक विषय हटकून निघतो : दुपारी पाठ टेकावी कोठे? आम्ही तो पुष्कळ दिवस हसण्यावारी नेला.

वस्तुतः माण, खटाव, जत, आटपाडीकडील मूल अंधारातच एस.टी. धरते. सकाळचे तास आटोपतात. परतीची गाडी दुपार कलल्यावर. मधल्या वेळेसाठी जागा हेराव्या लागतात. विद्यापीठाचे आवार सुमारे साडेआठशे एकरांचे. मोरही तेथे निर्धास्त वावरतात. पण माणसाला आडवे होण्याजोगी जागा त्यात मोजकीच. वडापेक्षा कडुनिंब बरा, कारण वडावर पाखरे फार, असे जाणकार सांगतात. सावली सरकते तशी पथारी सरकवावी लागते. मोकळा वर्ग मिळाला तर मागचे बाक. आणि अभ्यासिकेत डुलकी काढायची तर ग्रंथ जाडजूड घ्यावा, म्हणजे उशीही होते आणि पाहणाऱ्यास व्यासंगही दिसतो!

याला आळस म्हणणारे आपल्यातही आहेत. थीनमिद्ध हे पाच नीवरणांपैकी एक, हे त्यांचे म्हणणे खरेच. परंतु अंगुत्तरनिकायात ध्यानाला बसून पेंगणाऱ्या मोग्गल्लानाला तथागतांनी रागे भरले नाही. धम्माचे चिंतन कर, कान चोळ, डोळ्यांना पाणी लाव, तारे पाहा, चंक्रमण कर, असे एकेक उपाय सांगितले. आणि तरीही झोप हटेना, तर उजव्या कुशीवर स्मृतिपूर्वक नीज, हा शेवटचा. मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात तर सच्चकाने तथागतांनाच विचारले, की आपण दिवसा निजल्याचे आपणांस आठवते काय? उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात, भिक्षाटनानंतर, भोजन झाल्यावर संघाटीची चौपदरी घडी अंथरून आपण निजलो आहोत, हे त्यांनी सरळ मान्य केले. मोह असतो तो आसव न सुटण्यात. दिवसा निजण्याने कोणी मूढ ठरत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. (आपल्याकडची वामकुक्षी डावीकडची, ही उजवीकडची, एवढ्यावरून वाद घालू नये.)

झोपेची जागा हा गरिबाच्या शिक्षणातला जुनाच प्रश्न. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेले बाबासाहेब पुढे मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. रामजीबाबा त्यांना लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. घर एवढेसे असले, की झोपसुद्धा पाळीने घ्यावी लागते. आजही आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी याहून निराळे चित्र नाही.

मात्र कडुनिंबाची सोय मुलांपुरती. मुलगी झाडाखाली आडवी होऊ शकत नाही. झालीच तर दहा नजरा तिच्यावर, आणि संध्याकाळपर्यंत वार्ता गावात. ती टेबलावर डोके टेकून बसते, किंवा मैत्रिणीच्या खांद्यावर. तीही त्याच पहाटेच्या गाडीने आलेली असते, आणि निघण्यापूर्वी तिने भाकऱ्याही थापलेल्या असतात. आमच्या थट्टेतून हीच गोष्ट निसटली होती, याची आम्हांस खंत वाटते.

स्मरणिका निघाली, की देणग्या येतात आणि कमानीची सूचनाही येते. कमानीस आमचा विरोध नाही. पण ती पुढच्या खेपेस व्हावी. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटून मुलींसाठी विश्रांतीची एक खोली मागावी, आणि तिच्या सामानाचा खर्च या देणग्यांतून उचलावा. पलंग नकोत. धुतलेल्या चटया, पंखा, पाण्याचा माठ आणि दाराला आतून कडी पुरे. भिंतीवर एक घड्याळही लावावे; परतीची गाडी चुकता कामा नये.