सत्तर टक्के सूट, पण कशावर?

आमच्या दिवाणखान्यात एक झुंबर आहे. आहे म्हणजे लटकलेले आहे, लागत नाही. पाच वर्षांपूर्वी एका मोठ्या शोरूममधून आम्ही दोघी जावांनी ते हौसेने आणले. कार्डावर 38,000 रुपये खोडलेले आणि शेजारी लाल अक्षरांत 70 टक्के सूट, म्हणजे 11,400. विकणाऱ्या मुलाने ‘क्रिस्टल’ हा शब्द इतक्यांदा उच्चारला की घरी येईपर्यंत आम्हीही तेच म्हणू लागलो. दीड वर्षात अर्धे दिवे विझले. आतली एलईडीची पट्टी झुंबरातच पक्की बसवलेली, वेगळी मिळत नाही; दुकानात गेलो तर ‘ते मॉडेल बंद झाले’. वायरमनने शिडीवर चढून एक लोलक बोटांनी दाबला आणि खाली बघून म्हणाला, “भाभी, हे प्लास्टिक आहे.”

हे आज आठवण्याचे कारण मुंब्र्याच्या आपांचा, म्हणजे आमच्या नणंदेचा, फोन. भाच्याचा निकाह ठरला आहे, नवा फ्लॅट ताब्यात आला आहे आणि हॉल सजवायचा आहे. दुल्हेभाईंनी एका दुकानात सोफा, मध्यला टेबल, कपाट, झुंबर असा पूर्ण संच पाहून ठेवला होता. मूळ किंमत 2,40,000, सुटीनंतर 1,08,000, आणि तेही बारा हप्त्यांत, ‘बिनव्याजी’. जवळ साठवलेले साधारण ऐंशी हजार होते. “तुम्ही घरगुती हिशेबाचे सदर लिहिता, तर येऊन एकदा बघा,” असे आपा म्हणाल्या. वाचकांनाही हा प्रश्न पडत असेल, म्हणून झाले ते सगळे लिहीत आहोत.

पहिल्यांदा हप्त्यांचे पाहू, कारण आपल्या घरांत व्याजाचा प्रश्न नुसता पैशांचा नसतो. आम्ही दुकानदाराला विचारले, “सगळी रक्कम आज रोख दिली तर?” त्याने गणकयंत्र काढले आणि 1,01,000 सांगितले. मग वरचे 7,000 कसले? व्याज नाही असे म्हणायचे आणि तेवढीच रक्कम किमतीत मिसळायची, असा हा प्रकार. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले आहे की शून्य टक्के व्याज असे काही नसते. क्रेडिट कार्डाचा हप्ता असेल तर व्याजाच्या भागावर जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही लागते. दुल्हेभाई तिथेच गप्प झाले.

आता ते 2,40,000. हा आकडा कुणी ठरवला? बंद खोक्यात येणाऱ्या वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आयात केलेली असेल तर आयातदाराचे नाव आणि कुठल्या देशात बनली तेही. खुल्या सोफ्यावरचे कार्ड मात्र दुकानदार स्वतः लिहितो. खोडायचीच असेल तर दोन लाख काय आणि चार लाख काय! म्हणून खोडलेल्या किमतीकडे बघायचेच नाही, असे आम्ही ठरवून टाकले आहे. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू स्वस्त का आहे?

ज्याला खरे कारण आहे तो सरळ सांगतो. सोफा दोन वर्षे दुकानात मांडलेला होता, एका हातावर ओरखडा आहे. गोदाम रिकामे करायचे आहे. परदेशी जाणाऱ्या मालात रंगाची छटा चुकली. कुणाचे घर पाडायला काढले. कारण डोळ्यांना दिसते, दोष दाखवता येतो, आणि तो दोष आपल्याला चालतो का एवढेच आपण ठरवायचे असते. ‘कंपनीची ऑफर आहे, रविवारपर्यंतच’ याला आम्ही कारण मानत नाही.

दुसऱ्या दिवशी मुंब्र्याहून लोकल पकडली. दिव्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ. विजेच्या सामानाची ही जुनी पेठ. एकेका गल्लीत इतके दिवे लटकलेले असतात की मान दुखून येते. इथे पिशवीत दोन वस्तू नेल्या होत्या, मोजपट्टी आणि फ्रिजवरचे लोहचुंबक. ‘पितळी’ म्हणून दाखवलेल्या दांड्याला चुंबक चिकटले की आत लोखंड, वर मुलामा. न चिकटले तरी लगेच खूश होऊ नये, हलक्या मिश्रधातूलाही ते चिकटत नाही. दिवा उलटा करून आतली, पॉलिश न पोचलेली कड बघावी. पितळ तिथेही पिवळेच असते. वजनही पुष्कळ सांगते. काचेचा लोलक हाताला गार आणि जड लागतो, दोन लोलक एकमेकांना हलकेच लावले तर किणकिणतात. ॲक्रिलिक हलके, कोमट आणि आवाजाला ठोकळा. हे एवढे आम्हाला पाच वर्षांपूर्वी ठाऊक असते तर!

झुंबर घेताना आता आम्ही सर्वांत आधी त्याचा होल्डर बघतो. साधा पिनेचा किंवा आट्यांचा होल्डर असेल तर बल्ब गेला की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणता येतो. एलईडी आतच बसवलेली असेल तर तिच्याबरोबर झुंबरही गेले. बल्बच्या खोक्यावर वॅट नव्हे, ल्युमेन वाचावेत; उजेड त्यात मोजतात. बसायच्या खोलीला 2,700 ते 3,000 केल्विनचा पिवळसर उजेड शोभतो, 6,500 चा पांढरा फक्क उजेड महागड्या सोफ्यालाही दवाखान्यातले बाकडे करून टाकतो. सीआरआय हा आकडा 80 च्या वर, शक्यतो 90 च्या जवळ असला तर पडद्यांचे आणि माणसांच्या चेहऱ्यांचेही रंग खरे दिसतात. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहावे. भिंतीवरचे चार दिवे 5,200 ला मिळाले, पक्क्या बिलासह. बिलाशिवाय काही कमी करतो म्हणणारा एक जण भेटला, पण उद्या तक्रार करायची वेळ आली, 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तर हातात काय दाखवणार?

झुंबर तिथे पटले नाही. मग मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोर बाजारात गेलो. नावाला घाबरू नये. हा ‘शोर बाजार’चा अपभ्रंश असे जुने लोक सांगतात, आणि कान देऊन ऐकले तर पटतेही. शुक्रवारी इथली पक्की दुकाने बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो; तो बायकामुलांना घेऊन जाण्याचा नाही. आम्ही गुरुवारी सकाळी पोचलो, बोहनीच्या वेळेला. पाच फांद्यांचे पितळी झुंबर, चुंबक कुठेही चिकटले नाही. सांगितली किंमत 14,000. आम्ही आमचा प्रश्न विचारला, चाचांनी वर बोट दाखवले: पाचपैकी तीनच काचा मूळच्या होत्या. “पाची असत्या तर तुम्हाला परवडलं नसतं,” असेही म्हणाले. दोन दुधी काचा त्यांनीच पोत्यातून शोधून दिल्या, किंचित वेगळ्या. 6,500 ला सौदा ठरला. रात्री दिवे लागल्यावर कुठल्या काचा वेगळ्या ते आम्हालाही मोजून सांगावे लागते.

जुना दिवा मात्र आहे तसा कधीच टांगू नये. आतल्या वायरीचे आवरण कडक होऊन तडकलेले असते, आणि धातूचा सांगाडा म्हणजे धक्क्याची भीती. नवी तीन तारांची वायर, नवे होल्डर आणि अर्थिंग, याला 900 रुपये लागले. ते झुंबराच्या किमतीतच धरायचे. टांगायचे तेही स्लॅबमधल्या हुकाला. पीओपीच्या छताला झुंबराचा भार झेपत नाही.

या बाजारात जुन्यासारखे दिसणारे नवे पुष्कळ आहे. भले दुकानदार विचारल्यावर सांगतात, न सांगणारेही असतात. शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून कुणी भलती किंमत सांगितली आणि ती वस्तू आखातातल्या भावाकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने खऱ्या पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

सोफ्यासाठी ओशिवऱ्याला, जोगेश्वरीच्या रिलीफ रोडच्या बाजाराला गेलो. जुन्या घरांतले आणि शूटिंगच्या सेटवरचे सामान इथे येते. इथे समोरून काही बघूच नये. गादी उचला, सोफा उलटा करा, पाठ बघा. पॉलिश पुढून होते, लाकूड मागून कळते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखाएवढी जागा खरवडून बघू द्या म्हणावे; सागाला तेलकट स्पर्श आणि स्वतःचा एक वास असतो. खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर आत किडा जिवंत आहे, कितीही स्वस्त असो, तसेच मागे फिरावे. फोम नवा घालून घेतला, 40 घनतेचा, आणि वर कापड. चामड्यासारखे दिसणारे कापड दुकानदार आग्रहाने दाखवत होता; मुंबईच्या दमट हवेत ते काही वर्षांत पापुद्रे टाकते, म्हणून नको म्हटले. पाच जणांचा सागवानी सोफा 34,000, टेम्पो 2,800. घेण्याआधी मोजपट्टीने आपांच्या लिफ्टचे माप फोनवर मागवले, नाहीतर सात मजले हमाली भरावी लागली असती.

आपांना गालिचाही हवा होता. दारावर आलेल्या एका विक्रेत्याने ‘काश्मिरी, हाताचा’ म्हणून 30,000 सांगितले होते. आम्ही गालिचा उलटवला. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही तशीच दिसते, आणि झालर म्हणजे त्याच्याच ताण्याचे धागे असतात. याच्या पाठीला कापड डिंकाने चिकटवलेले आणि झालर शिवलेली. वस्तू वाईट नव्हती, किंमत दुसऱ्याच वस्तूची होती. गालिचा घेतलाच नाही.

राहिले कपाट, आणि त्यावरून घरात थोडी बोलाचाली झाली. भेंडीबाजाराच्या बाजूला दुल्हेभाईंच्या ओळखीच्या एक वृद्ध खाला राहतात. इमारत पाडायची आहे, जायचे घर लहान. त्यांचे शिसवी कपाट, मधोमध आरसा, आत खाचा अडकवून केलेले सांधे, एक खिळा नाही. भंगारवाला 5,000 देऊन नेणार होता. दुल्हेभाई म्हणाले, “आपण सहा देऊ, त्यांचाही फायदा, आपलाही.” हिशेबाने चूक नव्हते. पण आदल्या दिवशी मटण स्ट्रीटवर जवळपास असेच कपाट 40,000 ला सांगितलेले आम्ही दोघींनी ऐकले होते, आणि खालांनी ते ऐकले नव्हते. स्वस्त का आहे, या प्रश्नाचे उत्तर इथे एवढेच होते. आम्ही त्यांना किंमत सांगितली, दुकानाचे नावही. त्या हसल्या. म्हणाल्या, त्या दुकानदाराला तरी चाळीस कुठे मिळणार, आणि मला कोण देणार? मग स्वतःच 14,000 सांगितले. दुल्हेभाईंनी घासाघीस केली नाही. पॉलिश आणि हमालीला 3,600 लागले.

सगळे मिळून 67,000 झाले. एकही हप्ता नाही, निकाहच्या खर्चाला हातात थोडे उरले. खाला वलीम्याला आल्या तेव्हा आधी कपाटाकडे गेल्या. मधला खण पावसाळ्यात अडकतो, हे त्यांनी विकतानाच सांगितले होते. तो अडकतोच.