चालत नाही, की आवडत नाही?



एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘नाशिक रोडला जेवायला चांगलं हॉटेल सुचवा. प्युअर व्हेज, जैन मिळणारं, एसी, मुलांसाठी वेगळा मेन्यू असलेलं. आमचा छोटा खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ आहे.’ मग पाच मिनिटांत दहा-बारा नावं येतात, त्यावर दोघींचा वाद होतो, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘ताईंना विचारा, त्यांच्याकडे यादी आहे.’

त्या ताई म्हणजे मी. सहा वर्षं मी ती यादी सांभाळली. नाशिक रोड, सातारा रोड, कोकण, एक्सप्रेसवे, प्रत्येकाला वहीत वेगळं पान. आज त्या वहीविरुद्धच लिहायला बसले आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की मुलांना ‘चालेल’ असं हॉटेल शोधण्याच्या नादात आपण मुलांना खोटं बोलायला शिकवतो, आणि तेही धर्माचं नाव घेऊन. हे मी कुणा दुसरीचं बघून लिहीत नाही. माझ्याच टेबलावर झालेलं सांगते.

आमचं घर चिंचवडला, नवऱ्याची नोकरी चाकणला. आमच्या पट्ट्यातल्या बायकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. इथे पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेला रविवारी. म्हणजे नवरा घरी असतो तेव्हा मुलं शाळेत, मुलं घरी असतात तेव्हा नवरा लाइनवर. चौघं मिळून चार दिवस बाहेर जायचं तर मे महिन्यातलं शटडाउन किंवा दिवाळी. त्यामुळे त्या चार दिवसांत जेवणावरून कुणाचं तोंड वाकडं होऊ नये, असं मनापासून वाटतं. सगळी चूक तिथूनच सुरू होते.

गेल्या मे महिन्यात आम्ही मांगीतुंगीला निघालो. वाटेत नाशिकजवळ म्हसरूळला गजपंथाचं दर्शन, मग बागलाणात मांगीतुंगी आणि २०१६ साली पंचकल्याणक झालेली भगवान ऋषभदेवांची ती १०८ फुटी मूर्ती. रस्त्याची एक गंमत आहे बघा. चाकण म्हणजे कांदा-बटाट्याची मोठी बाजारपेठ. पुढे मंचरच्या अंगाला सातगाव पठार, तेही बटाट्यासाठीच प्रसिद्ध. मग ओतूरकडचा कांदा. आमची तीर्थयात्रा अशी कंदमुळांच्या राशींमधून जाते. सासूबाई दर वेळी खिडकीतून पोत्यांच्या थप्प्या बघतात आणि णमोकार सुरू करतात.

नारायणगावच्या पुढे आम्ही यादीतल्या एका हॉटेलात थांबलो. थाळी मागवली. वाढणारा माणूस पन्नाशीचा, शांत. त्याने भेंडीची भाजी वाढायला हात पुढे केला आणि आमचा थोरला, वय वर्षं नऊ, ताटावर हात धरून म्हणाला, ‘काका, आम्ही जैन आहोत. आम्हाला भेंडी चालत नाही.’

तो माणूस ओशाळला. ‘माफ कर बाळा, माहीत नव्हतं मला,’ म्हणाला. आमच्या चौघांच्याही ताटांतल्या भेंडीच्या वाट्या उचलून घेऊन गेला आणि आत सांगून वेगळी भाजी करून आणली. गर्दीची वेळ, एक वाजलेला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि काही बोलले नाही. खरं सांगू? मला त्या क्षणी बरंच वाटलं होतं. रडारड नाही, समजावणं नाही. मूल जेवलं.

आता सांगा, हे त्याला कुणी शिकवलं? मीच. दर वेळी हॉटेलात शिरताना मी वेटरला जी यादी ऐकवायची तिच्यात कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा असायचेच. पण त्यांच्या पाठोपाठ, त्याच दमात, ‘आणि सिमला मिरची नको, वर कोथिंबीर नको, ग्रेव्ही तिखट नको’ हेही असायचं. मूल ते एकाच सुरात ऐकत आलं. त्याच्या डोक्यात ती एकच यादी झाली. पुलाव आला की त्याच्या ताटाच्या कडेला दोन ढिगाऱ्या लागायच्या, एक गाजराची आणि एक मटारची. पहिली धर्माची, दुसरी नावडीची. दोन्ही मीच चमच्याने उचलून माझ्या ताटाबाहेर ठेवायची. मग त्याला फरक कळावा तरी कसा?

कुणी म्हणेल, लहान आहे, कळेल पुढे. मला ते पटत नाही. आमच्याकडे मुनिमहाराजांचा आहार दोन-तीनदा झाला आहे. मुलांनी तो बघितला आहे. दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत. काय हवं ते महाराज सांगत नाहीत. रसपरित्याग हे तपच आहे, तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य तपांमध्ये त्याचं नाव आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं काही सोडायचं. सोडायचं म्हणजे जे जिभेला हवंसं वाटतं ते. ज्या मुलाला वाटतं की जैन असणं म्हणजे नको असलेली भाजी परत पाठवण्याची सोय, त्याला हे सगळं उलटंच कळलं आहे. आणि पंधराव्या वर्षी कॉलेजच्या कॅंटीनमध्ये मित्रांसोबत बसल्यावर त्याला बटाटेवडा आवडला, की मग काय? ज्याचा धर्म नावडीवर उभा आहे, त्याचा धर्म आवड निर्माण झाली त्या दिवशी संपला.

आता हॉटेलांकडे वळते, कारण प्रश्न तिथला होता.

‘मुलांचा मेन्यू’ ही जी चीज आहे ना, ती आपल्या मुलांसाठी कशी लागू पडते ते एकदा कागद घेऊन लिहून बघा. फ्रेंच फ्राइज, बटाटा, गेले. नूडल्समध्ये लसूण आणि गाजर, गेले. बर्गरची टिक्की बटाट्याची. उरलं काय? चीज सॅंडविच, पांढरा पास्ता आणि पनीर. मोठ्यांच्या पानावर ‘जैन’ लिहिलेलं बघाल तर तेही बहुतेक काजू-टोमॅटो-क्रीमच्या गोडसर ग्रेव्हीतलं पनीर. महाबळेश्वरला तेच, गोव्याला तेच, नाशिकला तेच. चार दिवस मूल मैदा आणि पनीर खातं, पाचव्या दिवशी पोट दुखतं आणि आपण म्हणतो बाहेरचं बाधलं.

आणि ‘जैन मिळेल’ या पाटीवर इतका विश्वास कशाला? पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी एवढंच सांगतो, कंदमुळांबद्दल काही नाही. तसंच हॉटेलातलं. पुष्कळ ठिकाणी ‘जैन’ म्हणजे कांदा-लसूण नाही एवढाच अर्थ असतो, बटाट्याचं काय ते विचारावं लागतं. वाटणात आलं आहे का, हेही. म्हणजे पाटी असली तरी तोंड उघडावं लागणारच आहे. मग पाटीसाठी चाळीस किलोमीटर उपाशी मुलं घेऊन पुढे का जायचं? ते चाळीस किलोमीटर मी गेले आहे. धाकटी भुकेने इतकी कावली होती की शेवटी पोचल्यावर तिने भातालाही हात लावला नाही.

चोखंदळ मुलाला माझ्या अनुभवात तीन गोष्टी लागतात आणि तिन्हींचा मेन्यूकार्डाशी फारसा संबंध नाही. पदार्थ वेगवेगळे दिसले पाहिजेत, ओळखीचा एक तरी हवा, आणि भूक मरायच्या आत ताट समोर यायला हवं. म्हणून साधी थाळी. वाट्या वेगळ्या, वरण वेगळं, भात पांढरा, फुलका कोरडा, दही आहे. एका भांड्यात एकत्र शिजवलेल्या, वरून चीज किसलेल्या पदार्थात मुलाला काय आहे ते दिसत नाही, म्हणून ते बिचकतं. थाळीत सगळं उघड असतं. त्याने वरण-भात-तूप एवढंच खाल्लं तरी भेंडी त्याच्या डोळ्यांसमोर असते. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं माझ्या वाचनात आलं होतं, काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. मला ते आपल्या पंगतीसारखंच वाटलं. इडली मिळणारं साधं उडुपी हॉटेलही चालतं, फक्त सांबारात कांदा असतो हे धरूनच चला आणि चटणीची चौकशी करा.

सर्वांत उत्तम मात्र तीर्थक्षेत्रावरची भोजनशाळा. तिथे मेन्यूकार्ड नाही. आज जे शिजलं आहे ते. शेजारी दुसरी मुलं बसलेली असतात, त्यांचे आईबाप काही विचारत नाहीत, आणि आमची धाकटी, जी घरी मुगाच्या डाळीला हात लावत नाही, तिने तिथे दोनदा मागून घेतली. मी याला चमत्कार म्हणणार नाही. चढून-उतरून आली होती, भूक होती आणि निवड नव्हती.

वेळेचं तर सगळ्यात मोठं. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या आसपास, दिवाळीत सहाच्या. सासूबाई दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी आटोपतात. मोठ्या एसी हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी साडेतीनला बंद होतात ती संध्याकाळी सातला उघडतात. म्हणजे आपल्या वेळेला तिथे फक्त चहा आणि सॅंडविच. साधी खाणावळ मात्र पाच वाजताही पोळी-भाजी करून देते, मालकाला फोन करून सांगितलं तर खिचडी टाकून ठेवते. कांदा-लसणाशिवाय, कढई धुऊन, हे सांगायला संकोच वाटायचं कारण नाही. मी आता ‘जैन देता का’ असं विचारतच नाही. काय घालू नका ते सांगते, आणि फक्त तेवढंच सांगते. सिमला मिरची त्या यादीतून गेली.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला सासूबाईंचा. ‘भूक लागली की खाईल, नाही खाल्लं तर उपास घडेल.’ नाही, आई. धाकटीला दुधावरची साय नुसती दिसली तरी उलटी होते. तो नखरा नाही. काही मुलांना बुळबुळीत, कुरकुरीत, मऊ यांचा खरोखर त्रास होतो, आणि वजन वाढत नसेल, खाण्याचे पदार्थ कमी कमी होत चालले असतील, तर डॉक्टरांना दाखवायला हवं, प्रवचन देऊन उपयोग नाही. अशा मुलाच्या ताटात त्याचा एक हक्काचा पदार्थ असलाच पाहिजे. मी खाकरा आणि मेतकूट पिशवीत ठेवते, त्याची मला लाज नाही. माझं भांडण नावडीशी नाहीच. नावडीला नावड म्हणा, एवढंच.

दुसरा आक्षेप बहिणींचा. ‘अगं, सुट्टी आहे, चार दिवस राहू दे ना!’ सुट्टी कुणाची? चौघांचे पदार्थ, चौघांचे नियम, वेटरशी बोलणं, मुलाचं तोंड, सासूबाईंची घड्याळ बघणारी नजर, हे सगळं आईच्या गळ्यात. नवरा गाडी चालवतो आणि ‘काय ते तू बघ’ म्हणतो. स्वयंपाकघराला सुट्टी द्यायला निघायचं आणि डोक्यात स्वयंपाकघर घेऊन फिरायचं. दोन याद्या एक केल्या की हे काम दुप्पट होतं, कारण मग मुलाची प्रत्येक नावड नियमासारखी सांभाळावी लागते.

तर, परतीचा दिवस. पुन्हा तेच हॉटेल, तोच वाढणारा माणूस. चार दिवसांनी त्याने आम्हाला ओळखलं. हसून म्हणाला, ‘ताई, आज तुमच्याकडे भेंडी आणतच नाही. परवा अजून एक जैन फॅमिली आली होती, त्यांनाही मी वाढली नाही.’

ती कुठली फॅमिली कोण जाणे. त्यांना भेंडी हवीही असेल.

मी म्हटलं, ‘दादा, भेंडी चालते आम्हाला. त्या दिवशी ह्याला आवडत नाही म्हणून तो तसं बोलला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.’ थोरला खाली बघत होता. तो माणूस क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, ‘असं होय. माझा नातू कारल्याला घाबरतो,’ आणि चौघांना भेंडी वाढली, थोरल्याला दोनच फोडी. त्याने त्या खाल्ल्या नाहीत. कुणी खा म्हटलंही नाही.

पुढे मंचर गेलं, राजगुरुनगर गेलं, तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. चाकणला तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली. पुढे गाजरांनी भरलेला टेम्पो उभा होता. बराच वेळ गेला, मग मागून आवाज आला.

‘आई, गाजर चालत नाही, का आवडत नाही?’

‘चालत नाही.’

‘पण आवडतं का?’

‘माहीत नाही रे,’ मी म्हटलं. ‘मी कधी खाल्लंच नाही.’

तो टेम्पोकडे बघत राहिला.