लॅपटॉपमधला अबोल कारभारी

लॅपटॉप विकताना दुकानदार प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे तोंडपाठ सांगतो. पण बटण दाबल्यावर तो सुरू होणार की नाही, हे एक वेगळीच चिप ठरवते आणि तिचा उल्लेख माहितीपत्रकात सहसा नसतोच. तिला एम्बेडेड कंट्रोलर, थोडक्यात ईसी, म्हणतात.

लॅपटॉप बंद असतानाही ईसी बहुधा बॅटरीच्या किंचित विजेवर जागी असते. पॉवरचे बटण दाबल्याचे आधी तिला कळते. मग ती मदरबोर्डवरचे वेगवेगळे व्होल्टेज ठरल्या क्रमाने सुरू करवते आणि त्यानंतर मुख्य प्रोसेसरला उठवते. पंखा किती जोरात फिरवायचा, झाकण मिटले का, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचे का, हेही तीच पाहते. कीबोर्डही तिच्याच ताब्यात. शंभरेक बटणांना शंभर तारा नसतात. आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते आणि ईसी एकेक ओळ अखंड तपासत राहते. म्हणूनच चहा सांडून एक ओळ गेली की चार-सहा बटणे एकदम रुसतात.

तिचा पूर्वज मजेशीर आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये इंटेलची ८०४२ ही चिप कीबोर्ड सांभाळायला होती. त्या संगणकाचा ८०२८६ प्रोसेसर एकदा ‘प्रोटेक्टेड मोड’मध्ये गेला की रीसेट केल्याशिवाय मागे येत नसे. ते रीसेटचे कामही या कीबोर्डच्या चिपकडेच सोपवले गेले! हरकाम्याचा कारभारी झाला तो असा.

तक्रार त्याच्या कामाबद्दल नाही, गुप्ततेबद्दल आहे. ईसीत चालणारे फर्मवेअर बहुतेक कंपन्या बंदिस्त ठेवतात. चिप जळाली तर कोरी चिप मिळवता येते. पण त्या मॉडेलचे फर्मवेअर नसेल तर ती बोर्डावर बसवूनही उपयोग नाही. मग दुरुस्ती करणारा तसाच दुसरा बोर्ड शोधून त्यातले फर्मवेअर उतरवून घेतो, नाहीतर ग्राहकाला अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगतो. त्या खर्चात जुना लॅपटॉप भंगारात जातो.

लिथियम बॅटरीचे चार्जिंग कुणीही बदलले तर धोका होईल, हा यावरचा आक्षेप. भीती खोटी नाही. मात्र बॅटरी पॅकमध्ये स्वतःचे संरक्षक सर्किट असते. शिवाय गुगलने क्रोमबुकच्या ईसीचा सोर्स कोड खुला ठेवला आहे, आणि फ्रेमवर्क या लॅपटॉप कंपनीने २०२२ मध्ये तेच केले. त्यामुळे सुरक्षिततेच्या नावाखाली सगळेच झाकून ठेवणे पटत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीच्या माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा हेतू. त्यात ईसीचे फर्मवेअर हाही सुटा भागच धरला पाहिजे. सोर्स कोड द्यायचा नसेल तर देऊ नये. प्रत्येक मॉडेलची, कंपनीने डिजिटल सही केलेली तयार फाइल आणि बोर्डाचा नकाशा, एवढे दिले तरी गल्लीतल्या कारागिराचे काम भागेल.