बत्तीसच्या गाडीत चाळीसचं चाक

१९३२ सालच्या फोर्ड रोडस्टरमध्ये १९४० सालच्या फोर्डचं स्टिअरिंग दिसलं, की जुन्या गाड्यांच्या शौकिनांत लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गाडी बाटली. कारखान्याने दिलं तेच चाक हवं. दुसरा म्हणतो, हॉट रॉडच आहे ती, मालकाला आवडेल ते बसवू दे, त्यात एवढं काय! दोघेही आपापल्या जागी ठाम असतात आणि दोघांचंही चुकतं.

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी. तिच्यात दुसऱ्या गाडीचं जुनं स्टिअरिंग बसवणं हे हॉट रॉडच्या परंपरेला धरूनच आहे. मात्र म्हणून कुठलंही चाक चालत नाही. चाक कोणत्या काळातलं असावं, हे गाडी कारखान्यातून कधी निघाली यावरून नव्हे, तर तिची हॉट रॉड कधी झाली यावरून ठरायला हवं. आणि ते शाफ्टवर नीट बसलं आहे की नाही, हा तर आवडीनिवडीचा विषयच नाही.

असं का, हे कळण्यासाठी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांपर्यंत मागे जावं लागतं. म्युरॉक, एल मिराज ही वाळवंटातली सपाट, कडक मातीची पात्रं. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन तिथे जात. मडगार्ड काढायचे, काच काढायची, वजन उतरवायचं आणि इंजिनातून शेवटचा थेंब पिळून वेग मोजायचा. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. पुढे म्युरॉकची जागा लष्कराच्या विमानतळाने घेतली. एल मिराजला वेगाच्या चाचण्या अजूनही होतात.

या पोरांकडे पैसे नव्हते, भंगारवाले मात्र भरपूर होते. १९३२ ची फोर्ड त्यांची लाडकी, कारण त्याच वर्षी फोर्डने सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं होतं. ताकद ६५ अश्वशक्ती. पण ब्रेक जुन्या पद्धतीचे, सळ्यांनी ओढले जाणारे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते थेट १९३९ मध्ये. तेव्हा वेग वाढवणाऱ्या शहाण्या माणसाने काय केलं? ठोकलेल्या, भंगारात पडलेल्या नव्या फोर्डचे ब्रेक काढले आणि बत्तीसच्या गाडीला बसवले. १९३९ चा गिअरबॉक्स असाच आला. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत नागरी गाड्यांचं उत्पादन थांबलं, त्यामुळे युद्धाहून परतलेल्या तरुणांच्या हाती आल्या त्या याच गाड्या आणि हेच सुटे भाग. चाळीसच्या फोर्डचं दोन रुंद आऱ्यांचं, प्लॅस्टिकच्या कड्याचं देखणं स्टिअरिंग याच वाटेने बत्तीसच्या गाडीत शिरलं. ब्रेकसाठी ज्या गाडीच्या पोटात हात घातला, तिचं चाक कोण सोडेल?

म्हणून १९४८ च्या सुमारास घडवलेल्या हॉट रॉडमध्ये चाळीसचं चाक असणं ही भेसळ ठरत नाही. ती त्या गाडीच्या आयुष्यातली नोंदच आहे. त्याच गाडीत १९५९ च्या शेव्हरोले इम्पालाचं चाक घातलं, तर मात्र गोष्ट बिघडते. ते चाकही जुनंच, सुंदरही आहे, पण ते गाडीच्या कथेत अकरा वर्षं आधी घुसतं. गाडी साठीच्या दशकातल्या कस्टम शैलीत घडवली असेल, तर हेच इम्पालाचं चाक तिला शोभून दिसेल. ‘जुनं’ एवढं एकच विशेषण लावून दोन्हींना सारखं मोजणारा माणूस १९४८ आणि १९५९ या दोन वेगळ्या जगांची सरमिसळ करतो.

निवडीला वाव नाही असंही नाही. तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या डीलक्स फोर्डचं ‘बँजो’ चाक घ्या. त्याचे आरे म्हणजे बारीक स्टीलच्या तारांचे जुडगे. ते किंचित लवचिक असल्यामुळे रस्त्याचे हादरे मनगटापर्यंत येताना थोडे मवाळ होतात. किंवा शर्यतीच्या गाड्यांचं चार आऱ्यांचं चाक घ्या, ज्याच्याशी कॅलिफोर्नियातल्या बेल गावच्या बेल ऑटो पार्ट्स या दुकानाचं नाव जोडलेलं आहे. हे दुकान १९४५ पासून रॉय रिक्टरने चालवलं आणि याच धंद्यातून पुढे बेलची हेल्मेटं जगभर गेली. ज्या गाडीने तळ्यावर वेग मोजून घेतला आहे, तिच्यात हे चाक शोभतं. नुसतीच हॉटेलापर्यंत फिरणाऱ्या गाडीत ते जरा नाटकी वाटतं, पण तो खरोखर आवडीचा प्रश्न झाला.

आता आकाराकडे वळू. जुन्या फोर्डची चाकं साधारण १७ इंची. रोडस्टरची केबिन अरुंद, आजचा चालक तेव्हाच्या चालकापेक्षा बहुधा अंगाने भरलेला. चाक मांडीला घासतं, पोटाला टेकतं. म्हणून बरेच जण १५ इंची चाकाकडे वळतात. चाळीसच्या आणि बँजोच्या धाटणीची अशी नवी चाकं बाजारात मिळतातही. पण जागा वाचते तेवढा जोर वाढतो, हे साधं गणित अनेकांना चाक बसवल्यावर कळतं. त्याच गाडीला वळवायला १७ इंचांच्या जागी १५ इंची चाकावर सुमारे १३ टक्के जास्त जोर लागतो. १४ इंची घेतलं तर २१ टक्के. पॉवर स्टिअरिंग नाही, आणि काही गाड्यांत तर फोर्डच्या मूळ चार सिलिंडरच्या इंजिनाच्या जागी आता जड व्ही-८ बसलेलं. चालत्या गाडीत हे जाणवणार नाही. पार्किंगमध्ये गाडी लावताना खांदे सांगतील. पोटाची अडचण असेल तर आधी डॅशखालची स्टिअरिंग कॉलमची पकड खाली-वर करून कोन बदलून पाहावा. तेवढ्यानेही काम झालं, तर मूळ आकाराचं चाक ठेवता येतं.

दोन्ही तट ज्यावर सर्वांत कमी बोलतात, तो चाक आणि शाफ्टचा सांधा मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंग शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि त्यात एक चावी, म्हणजे खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा, बसवलेली असते. कुदळीचा दांडा जसा निमुळतेपणामुळे जितका ठोकावा तितका घट्ट बसतो, तसंच चाकाचं हब नट आवळल्यावर शाफ्टवर घट्ट बसतं. भार पेलतो तो हा निमुळता पृष्ठभाग. चावीचं काम मुख्यतः चाकाची दिशा पक्की ठेवण्याचं. दुसऱ्या मॉडेलच्या हबचा निमुळता कोन थोडा जरी वेगळा असला, तर नट कितीही आवळा, हब एका बारीक कडेवरच टेकतं. सगळा ताण चावीवर जातो आणि एके दिवशी चावी तुटते. हे तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत: शाफ्टला निळा मार्किंग रंग लावायचा, हब बसवून काढायचं आणि रंग कुठे कुठे उमटला ते पाहायचं. पुसट रेघ दिसली, तर ते चाक त्या शाफ्टचं नव्हे.

दात्यांच्या शाफ्टची गोष्ट वेगळी. आज अनेक हॉट रॉडमध्ये नवा कॉलम असतो आणि त्यावर जनरल मोटर्सच्या पद्धतीचे ३६ बारीक दाते असतात. त्यावर चाळीसचं चाक चढवायचं तर मधे अडॅप्टर लागतो. चांगल्या टर्नरकडून तो लेथवर करून घेता येतो, तयारही मिळतो. जुन्या चाकाचं हब कापून त्यात दुसऱ्या गाडीचं हब वेल्ड करायचं, हा झटपट उपाय मात्र हद्दपार व्हायला हवा. हब ओतीव लोखंडाचं असेल तर वेल्डच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो, आणि वरून चढवलेला चकचकीत रंग तडा झाकून ठेवतो.

चाक काढतानाची घिसाडघाईही महागात पडते. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला की आटे बसतात आणि खालच्या बेअरिंगलाही मार लागतो. पुलर लावावा आणि नट पूर्ण न काढता चार आटे तसाच राहू द्यावा, म्हणजे चाक एकदम सुटून तोंडावर येत नाही. बत्तीसच्या फोर्डमध्ये दिव्यांची कळ चाकाच्या मध्यावरच असते. चाक बदललं की दिवे, हॉर्न यांची सोय डॅशवर किंवा दुसरीकडे करावी लागते. हे आधी न ठरवणाऱ्याची गाडी महिनोन्‌महिने अर्धवट उभी राहते.

सुरक्षेबद्दल जुन्या चाकाच्या प्रेमिकांनी प्रामाणिक असायला हवं. जुन्या फोर्डचा शाफ्ट म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून थेट चालकाच्या छातीकडे रोखलेली सरळ सळई. समोरून धडक झाली तर ती मागे येते. ही भीती नवी नाही: १९५६ मध्ये फोर्डने खोल बशीसारखं स्टिअरिंग दिलं, जेणेकरून छाती आधी कड्यावर जाईल, हबवर नव्हे. अमेरिकेत धडकेत दबणाऱ्या कॉलमची सक्ती झाली ती १ जानेवारी १९६८ पासून. आज रस्त्यावर चालवण्यासाठी हॉट रॉड घडवणाऱ्याने दबणारा कॉलम, त्यावर जुन्या काळचं चाक आणि चांगला सीटबेल्ट ही जुळणी निवडली, तर तिला ‘खोटी’ म्हणणं हा निव्वळ हट्ट आहे. कॉलम नजरेला पडत नाही. जीव मात्र त्यावरच अवलंबून.

खऱ्या जुन्या चाकांशी वागण्याचाही एक मुद्दा आहे. कडक रबराची चाकं आतल्या स्टीलच्या सांगाड्यावर आकसतात आणि त्यांना तडे जातात. तडा व्ही आकारात रुंद करायचा, दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरायची, घासायचं, प्रायमर, मग रंग. हे काम घरच्या गॅरेजात नेटकं होतं. म्हणून सुस्थितीतलं अस्सल १७ इंची चाक कापून १५ इंची करणं हा गुन्हाच समजावा. लहान चाक हवं असेल तर नवी प्रत घ्यावी किंवा सांगाडाच वाकलेलं, टाकाऊ चाक वापरावं. अस्सल मालाचा साठा वाढत नाही, फक्त घटतो.

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीची मोडतोड, हा समज आता अमेरिकेतल्या सर्वांत कडक परीक्षकांनीही सोडला आहे. पेबल बीचच्या प्रतिष्ठेच्या प्रदर्शनात १९९७ मध्ये हॉट रॉडसाठी पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग ठेवला गेला आणि त्यात डोएन स्पेन्सरने घडवलेली १९३२ ची रोडस्टर अव्वल आली. त्या गाडीचं मोल स्पेन्सरने तिच्यात काय केलं यावर ठरलं.

भारतात हा वाद वेगळ्या वळणावर येतो. १९२६ साली फोर्डची भारतातली कंपनी मुंबईत स्थापन झाली आणि पुढे इथे फोर्ड गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यामुळे त्या काळच्या काही फोर्ड आजही महाराष्ट्रात जपलेल्या सापडतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ स्वरूपाबाहेरचे फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. जुलै २०२१ च्या विंटेज नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसतील तरच. म्हणजे पूर्ण हॉट रॉड इथे विंटेज ठरत नाही. स्टिअरिंग व्हीलचं नाव मात्र या यादीत नाही. तेव्हा तडकलेल्या चाकाच्या जागी दुसरं जुनं चाक बसवलेल्या गाडीला अडवण्यापेक्षा, चाकाचं साल, जोडणीचा प्रकार आणि निळ्या रंगाच्या चाचणीचे फोटो असा एक कागद नोंदणीच्या वेळी मागावा. आज अधिकारी रंग आणि क्रोमकडे पाहून शेरा मारतो. या कागदामुळे त्याला निदान चाकाखालचा नट तरी तपासावा लागेल.