आधी कोणी जायचे ?

पंगतीत आधी कोणाला वाढायचे, हे आपल्या घरांत कोणाला शिकवावे लागत नाही. तिराह्यावर आधी कोणी जायचे, हे मात्र सुशिक्षित मंडळींना विचारले तरी उत्तरे वेगवेगळी येतात. ज्याची गाडी मोठी तो आधी, ज्याचा हॉर्न मोठा तो आधी, ज्याने दिवा चमकवला तो आधी ! अवधपुरी-पिपलानी भागात सध्या याच तीन कलमांवर वाहतूक चालते, असे आम्हांस वाटते.

खरा कायदा साधा आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला प्रथम वाट द्यायची. तसा मुख्य रस्ता नसेल आणि सिग्नल किंवा शिपाईही नसेल, तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला. गोल चक्करमध्ये जो आधीच शिरला आहे त्याला, आणि झेब्रा पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याला. अग्निशमन गाडी व रुग्णवाहिका या सर्वांच्या आधी. उजवीकडच्याचा मान १९८९ च्या नियमांतही होता. म्हणजे हे काही नवीन खूळ नव्हे.

मग घोडे अडते कुठे ? 'मुख्य रस्ता' कोणता, हे सांगायचे कोणी ? प्रत्येकाला आपलाच रस्ता मुख्य वाटतो. त्यासाठीच लाल अष्टकोनी 'थांबा' आणि उलट्या त्रिकोणाचा 'वाट द्या' असे फलक असतात. आपल्या घरापासून बाजारापर्यंत असे किती फलक दिसतात, हे वाचकांनी एकदा मोजून पाहावे.

"फलक लावले तरी पाळतो कोण ?" असे म्हणणारे भेटतील. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये 'थांबा' फलक न जुमानणे हा धोकादायक वाहन चालवण्याचा प्रकार म्हणून स्पष्ट नोंदला आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. फलकच नसेल, तर पोलिसाने तो मोडल्याचा गुन्हा लावायचा कशाच्या आधारे ? नियम पाळणारा आणि मोडणारा, दोघांनाही आधी फलक हवा.

दोष केवळ चालकांच्या माथी मारून भागणार नाही. १२ मे २०२५ रोजी बाणगंगा चौराह्यावर लाल सिग्नलला शिस्तीने थांबलेल्या गाड्यांवर ब्रेक निकामी झालेली स्कूल बस आदळली आणि एक तरुण डॉक्टर मुलगी गेली. थांबणाऱ्याने आपले कर्तव्य केले होते. रस्त्यावर येणाऱ्या वाहनाची तपासणी करणे हे शासनाचे कर्तव्य होते.

आपल्या भागातून साकेत नगरच्या एम्सकडे रुग्णवाहिका जातात. त्यांतला रुग्ण उद्या आपल्यापैकीच कोणी असेल. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास कलम १९४-ई अन्वये दहा हजार रुपये दंड आहे, पण दंडाने वेळ परत मिळत नाही.

म्हणून आपल्या मंडळाने वॉर्डाच्या पार्षदांना आणि वाहतूक पोलिसांना लेखी निवेदन द्यावे : प्रत्येक तिराह्यावर फलक, पांढरी थांबरेषा आणि शाळांपुढे झेब्रा पट्टे. निगमाची निवडणूक २०२२ मध्ये झाली, मुदत पाच वर्षांची. मते मागायला येणाऱ्याला, "आमच्या तिराह्याचे काय झाले ?" एवढेच विचारावे. आणि तोवर, फलक असो वा नसो, उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्यास आपण आपल्या घरापासून सुरुवात करावी.