मासा साक्षीला, तोही मेल्यावर!

शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागला, की पाण्याचे नमुने घेतले जातात, पंचनामा होतो, नोटिसा निघतात. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. या साऱ्या लढाईत मासा येतो तो केवळ पुरावा म्हणून.

अमेरिकेत 1978 साली बोटाएवढ्या ‘स्नेल डार्टर’ माशासाठी सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ पुरे झालेले टेलिको धरण अडवले. (पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने खास सवलत देऊन ते मोकळे केले, ही गोष्ट वेगळी!) तिथे 1973 च्या कायद्याने जातीला आणि तिच्या अधिवासालाही संरक्षण होते. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत पहिला मासा आला तो 2001 मध्ये. तोही समुद्रातला, व्हेल शार्क. पंचगंगेतल्या माशाची भिस्त 1974 च्या जलप्रदूषण कायद्यावर. त्यातल्या प्रदूषणाच्या व्याख्येत जलचरांचे जीवित आहे, पण दुर्मिळ जात आणि नेहमीची जात हा भेद नाही. एखादी जात गुपचूप नाहीशी झाली, तर पंचनामा कशाचा करणार?

प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत कोणते मासे आज जिवंत आहेत, याची यादी दरवर्षी न्यायालयापुढे ठेवण्याची मागणी आता याचिकाकर्त्यांनीच करायला हवी.