फाइल आणि कानस

फिटरच्या कार्यशाळेत ‘फाइल’ म्हणजे कानस. अध्यापक महाविद्यालयात ‘फाइल’ म्हणजे कागदांची चळत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या भावी शिल्प निदेशकांना ‘चिंतनशील अध्ययना’तून घडवावे, असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा दुसरीच फाइल असते, हा माझा आक्षेप आहे.

बी.एड.च्या वर्गांत या संकल्पनेचे काय झाले, ते आपण शिक्षकांनी पाहिले आहे. पाठ संपला की ‘मला काय जाणवले’ ते लिहायचे आणि त्याला गुण मिळवायचे. मग जाणिवाही साच्यातून निघतात: ‘वेळेचे नियोजन कमी पडले, पुढील पाठात सुधारणा करीन.’ हेच वाक्य आता निदेशकाकडूनही घोटून घ्यायचे काय?

डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ सालच्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या ग्रंथाचा दाखला या संदर्भात हटकून दिला जातो. पण जाणत्याला जेवढे येते तेवढे सांगता येत नाही, आणि हात चालू असतानाच विचार वळण घेतो, हे त्यांचे मूळ प्रतिपादन सोयीस्करपणे विसरले जाते.

नवशिक्या मुलाने कानसलेला पृष्ठभाग मध्ये फुगीर होतो; गुण्या लावला की कडांशी उजेड दिसतो. मुरलेल्या कारागिराचा दाब मात्र प्रत्येक फटक्यात पुढच्या हातावरून मुठीकडच्या हातावर आपसूक सरकतो, म्हणून त्याची कानस डुलत नाही. आपण हे करतो याचा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. म्हणून तो ‘नीट घास’ एवढेच सांगतो. आपल्या हातातले हे अबोल ज्ञान पकडून दुसऱ्याच्या हाती देणे, हेच निदेशकाचे चिंतन. त्याची जागा शेगड्यापाशी, बिघडलेल्या जॉबसमोर, सहकाऱ्याच्या साक्षीने. लिहायचे ते त्यानंतर, आणि गुणांविना.

प्रश्न केवळ पद्धतीचा नाही. हात राबवणाऱ्याला विचारवंत न मानण्याची आपली परंपरा जातीइतकीच जुनी आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, तरी पुस्तकी शिक्षणाची प्रतिष्ठा ढळली नाही. आज त्याच कारागिराला आपण ‘चिंतन कर’ म्हणतो, आणि त्याने ते आपल्या भाषेत, आपल्या फाइलीत करावे, अशी अट घालतो. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी, शब्दांत न मावणाऱ्या ज्ञानापुढे थोडे नम्र व्हायला नको काय?